हलत्या भिंतीवरचे मूग

सरांच्या खिशात एकदा हरभऱ्याला मोड आले होते. धुवायला टाकलेल्या शर्टात ते त्यांच्या पत्नीला सापडले. त्यांनी शर्ट तसाच पिशवीत घातला आणि डबा न्यायला आलेल्या रमणभाईंच्या हाती प्रयोगशाळेत पाठवून दिला. रमणभाई आमच्याकडे शिपाई होते. त्यांनी शर्ट टेबलावर पसरला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साहेब, घरेथी सॅम्पल आव्युं छे."

सरांनी खिसा उलटा केला, भिंग काढलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "घाम, ऊब आणि अंधार. शेत याहून वेगळं काय देतं?"

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही दोघं शर्टाच्या खिशात हरभरा पेरून बसलो होतो.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. मी नंदुरबारकडच्या एका छोट्या गावात मामांकडे राहून शिकले आणि तिथल्याच कॉलेजातून बी.एस्सी. झाले. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. आईवडील तोवर सुरतेत लिंबायतला येऊन राहिले होते. वडील लूमवर कामाला होते. मीही सुरतेला आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात कुणीतरी सांगितलं की नदीपलीकडच्या एका संशोधन केंद्रात बियाण्यांच्या योजनेसाठी मदतनीस हवी आहे. नेमणूक तात्पुरती, योजना असेल तोवर.

मुलाखत घ्यायला सर एकटेच होते. अंगात चुरगळलेला सुती शर्ट, पायात रबरी चपला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मूळचे बडोद्याचे. मराठी शुद्ध, पण मधूनच गुजरातीत शिरून परत यायचे. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पाणी किती अंशांना उकळतं?"

"शंभर."

"पाहिलंत की ऐकलंत?"

मला कळलं नाही. मी म्हणाले, "पुस्तकात आहे सर."

"म्हणजे ऐकलंत. चला, पाहू."

त्यांनी चंचुपात्र आगीवर ठेवलं, थर्मामीटर हातात दिला आणि पाणी खळखळू लागल्यावर म्हणाले, "वाचा." पारा शंभराच्या जरा खालीच थांबला होता. शंभर म्हणावं असं तोंडाशी आलं होतं. पण मला खालचा आकडा दिसत होता, तो मी सांगितला. बरोबर उत्तर हुकलं, नोकरी गेली, असंच वाटलं.

"थर्मामीटर खोटा आहे," सर म्हणाले. "मला ठाऊक आहे. तुम्ही खऱ्या आहात का, तेवढं पाहायचं होतं. उद्यापासून या, बाई."

मी एकवीस वर्षांची. मला आयुष्यात कुणी 'बाई' आणि 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. सर मात्र कुणालाच अरेतुरे करत नसत. रमणभाईंना नाही, चहावाल्याला नाही. जिवाणूंनासुद्धा ते 'मंडळी' म्हणत. उबवण्याच्या पेटीतल्या बशा बाहेर काढून म्हणायचे, "मंडळी अजून झोपलीत." कुठं बुरशी चढली तर, "न बोलावता आलीत, पण आलीत तर बसू द्या."

'पाहिलंत की ऐकलंत' हा त्यांचा चाळाच होता. कुणी म्हणालं, यंदा थंडी कमी आहे, की सर विचारणार. रमणभाई म्हणाले, भाव वाढले, की सर विचारणार. याचा उलटा प्रसाद त्यांना एकदाच मिळाला. सकाळी कधी कधी ते आम्हाला लोचो खायला घालत. लोचो हा सुरतेचा पदार्थ, ढोकळ्यासारखाच, पण मऊ, विस्कटलेला, वर तेल आणि शेव. सर म्हणाले, "कुणा फरसाणवाल्याचं खमण बिघडलं. पीठ पातळ झालं, वड्या पडेनात. त्यानं ते टाकलं नाही, तसंच विकलं, आणि लोकांना आवडलं. हे शहर चूक खातं बाई, आणि वर शेव घालून खातं."

रमणभाईंनी द्रोणातून मान वर न करता विचारलं, "साहेब, जोयुं के सांभळ्युं?"

सर थबकले. मग हळूच म्हणाले, "सांभळ्युं. पण चवीवरून खरं वाटतं."

त्यांचं शिक्षण पदार्थविज्ञानाचं. तिथं मातीतल्या पाण्याचा अभ्यास करता करता ते शेतीकडे वळले, आणि शेतीत मुळांभोवतीचे जिवाणू पाहता पाहता सूक्ष्मजीवशास्त्रात घुसले. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. सर तीन घरचे होते. पदार्थविज्ञानवाले म्हणत, हे शेतकरी झाले. शेतीवाले म्हणत, हे कॉलेजातले. सूक्ष्मजीववाल्यांचं म्हणणं होतं की हा माणूस हात न धुता बशीला हात लावतो, आणि ते अगदी खोटं नव्हतं. सरांचं उत्तर ठरलेलं असे. "विभाग आपण पाडलेत. मुगाला कुठं माहीत आहे तो कोणत्या विभागात येतो?"

त्यांची लूना आमच्या योजनेचंच एक उपकरण होतं. हँडलला थर्मामीटर बांधलेला. चौकात किती, पुलावर किती, उसाच्या शेताजवळ किती, हे ते चालत्या गाडीवर मोठ्यानं सांगत आणि मागं बसलेल्या माणसानं लक्षात ठेवायचं. चलथाणच्या रस्त्यावर साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांची रांग लागे. सर लूना बाजूला लावून उसाचे कापलेले बुडखे हुंगत चालायचे. "हा आजचा. हा परवाचा. इथं मंडळी आलीत, आंबूस वास येतोय." एका गाडीवाल्याला वाटलं, म्हातारा ऊस चोरतोय. तो शिव्या देत खाली उतरला. सरांनी त्यालाही हुंगायला लावलं. मग गाडीवाला मान हलवत म्हणाला, "खरंच की. हा वास रोज येतो, मला वाटायचं बैलांचा असेल." त्यानं एक कांडं सरांना भेट दिलं. ते आठवडाभर आमच्या टेबलावर सडत होतं आणि सर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हुंगायचा आग्रह करत होते.

असा माणूस आमच्या घरी येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. त्याला निमित्त माझं बोलणंच झालं.

लिंबायतला आमची खोली होती तिची मागची भिंत लूमच्या खात्याची होती. खातं म्हणजे यंत्रमागांची शेड. पलीकडे दिवसरात्र माग चालत, अलीकडे आमची भिंत हलत असे. मांडणीवरची भांडी किणकिणत, म्हणून मायनं प्रत्येक दोन ताटांच्या मध्ये जुन्या लुगड्याची पट्टी घातली होती. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. उलट ज्या दिवशी खात्याची सुट्टी असेल त्या दिवशी शांततेमुळे झोप मोडायची. हे मी सहज बोलून गेले.

"भिंत हलते?" सर म्हणाले. "पाहिलंत की ऐकलंत?"

"सर, मी तिथं राहते."

दुसऱ्या दिवशी लूना आमच्या गल्लीत उभी होती. सरांनी मायकडे एक ताट मागितलं, त्यात पाणी घातलं, ते मांडणीवर ठेवलं आणि दारातून येणारं ऊन आरशानं त्यावर पाडलं. छतावर उजेडाचा एक गोळा उमटला आणि त्याच्यात थरथरत्या वाटोळ्या रेघा. सर मान वर करून पाहत राहिले. गल्लीतली पोरं दारात जमली. शेजारच्या सुमनकाकूंनी मायला विचारलं, "काय गं, पोरीचा मास्तर काय बघतोय, देव?"

"संशोधन शे," माय आमच्या अहिराणीत म्हणाली. तिला तो शब्द नुकताच आला होता.

सरांच्या डोक्यात जे आलं ते असं. बी उगवतं ते आत पाणी शिरलं की. टरफल जितकं लवकर पाणी आत घेईल तितका मोड लवकर. मग सतत हादरे बसत असतील तर पाणी लवकर शिरत असेल का? खरं असेल तर ते तिन्ही घरांचं होतं. हादरा पदार्थविज्ञानाचा, बी शेतीचं, आणि भिजलेल्या बियाभोवतीची मंडळी सूक्ष्मजीवशास्त्राची.

बियाणे केंद्रातून चांगल्या जातीचे मूग आणले. झाकणाच्या काचेच्या बशांमध्ये ओल्या कागदावर ते मांडले. काही बशा आमच्या मांडणीवर, काही नदीकडच्या सोसायटीत सरांच्या घरी, जिथं पंख्याशिवाय काही हलत नसे. पाणी, ऊब, अंधार सारखंच राहील याची काळजी घेतली. मोड आले की बशा प्रयोगशाळेत आणायच्या आणि मोजायचं.

पहिल्याच खेपेला आमच्या घरच्या बशा जिंकल्या. दुसऱ्या खेपेलाही. सरांच्या घरच्या बशांत प्रत्येक वेळी काही मूग दगडासारखे पडून राहत. आमच्याकडे सगळे उगवलेले, जणू लग्नाला निघालेले. हिवाळाभर हेच चाललं. सर उड्या मारणारे नव्हते, पण लूनावरून येताना गुणगुणू लागले होते.

मग योजनेचा आढावा घेणारी बैठक ठरली. बाहेरून मोठी माणसं येणार, शनिवारी प्रत्येकानं आपलं काम मांडायचं आणि त्यावर कोणाची योजना पुढं चालू राहायची ते ठरणार. सरांना पहिल्यांदाच तिन्ही विभागांसमोर उभं राहून काही दाखवता येणार होतं. त्यांच्या निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. माझंही त्यात सगळं अडकलं होतं. योजना बंद तर माझी नोकरी बंद, आणि नोकरी बंद तर एम.एस्सी.चा विषय आमच्या घरात कायमचा बंद. वडिलांनी तसं सांगितलेलंच होतं. "काम आहे तोवर शीक. मग बघू." ते बघणं काय असतं ते मला ठाऊक होतं. नात्यातल्या एका स्थळाचा निरोप दोनदा येऊन गेला होता.

बैठकीच्या आठवड्यात सोमवारी मी शेवटच्या बशा नेल्या. एरवी आम्ही न उगवलेलेच मोजत असू; या वेळी सर सगळे मोजायला बसले. मोजून झाल्यावर पुन्हा मोजले.

"बाई, यात एक मूग जास्त आहे."

मला वाटलं, मांडताना चूक झाली असेल. सर म्हणाले, "लूम बी उगवून आणतो इथवर ठीक आहे. बी जन्माला घालतो म्हणजे फारच झालं." आणि हसले. पण भिंग हातातून खाली ठेवलं नाही.

मी ती बशी जवळ घेतली. केंद्रातले मूग चकचकीत होते, मोड आल्यावरही टरफलाला तकाकी. या बशीत दोन-चार टरफलं मळकट, धुरकट होती. ते मूग मी ओळखत होते. आमच्या गावाहून मामा पाठवायचे ते. मी सरांना म्हणाले, "मी घरी विचारून सांगते."

संध्याकाळी मायला विचारलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "हां, मी टाकले."

"कसाले गं?"

तिनं सांगितलं. त्यानं प्रयोगाचं काय झालं ते मी तिला समजावलं. कळल्यावर तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "सांगू नको त्यांना. त्यांचं काम चांगलं चाललंय ना? कोणाचं काय वाईट झालं?" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "सांगितलंच तर मी केलं म्हणून सांग. तुला काढायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर तक्ता रंगवत होते. आमच्या घरच्या बशांसाठी त्यांनी हिरवा रंग घेतला होता. मी म्हणाले, "सर, ते जास्तीचे मूग आमच्या घरचे आहेत. मायनं घातले. दर वेळी घालत होती."

त्यांनी कुंचला पाण्यात ठेवला. "पाहिलंत की ऐकलंत?"

"ऐकलं. तिनं स्वतः सांगितलं."

सरांचे हात कधी मोकळे नसत. काहीतरी पुसणं, कुरवाळणं, मोजणं चालूच असे. त्या वेळी ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. रमणभाई चहा घेऊन आले आणि आमची तोंडं पाहून कप हातातच धरून उभे राहिले.

"चला," सर उठून म्हणाले. "पाहायला जाऊ."

"साहेब, शनिवारे तमारुं भाषण छे," रमणभाई म्हणाले.

"म्हणूनच."

आम्ही पोचलो तेव्हा वडील रात्रपाळी करून झोपले होते. आवाजानं ते उठून खाटेवर बसले. मायनं गोधडी अंथरली. सर मांडी घालून तिच्या समोर बसले. तिनं डोक्यावर पदर घेतला होता आणि तिचे हात एकमेकांत अडकले होते. तिला वाटत होतं, आता ओरडा बसणार.

"मावशी," सर म्हणाले, "मला अगदी पहिल्यापासून सांगा. बशी घरात आली. मग?"

"मग काय. पाणी पोरगीच घालायची. मी हात नाही लावला." ती बाहेरच्या माणसाशी बोलायची तसं जपून मराठीत बोलत होती. "दोन दिवसांनी उघडून पाहिलं. सगळ्यांना मोड, पण काही तसेच. दगडासारखे. कुचर दाणे. मला वाटलं, लोकांचं बी आपल्या घरात आलं आणि मेलं. तुम्ही काय म्हणाल? पोरीचं नाव जाईल."

"मग?"

"मग ते कुचर काढले. घरच्या मुगाला मोड आलेले होतेच. त्यातले टाकले."

"काढले तेवढेच टाकले?"

मायनं खाली पाहिलं. "एखादा वर. लोकांची वाटी परत करताना मोजून करतात का?"

पलीकडे माग चालूच होते. मांडणीवरची एक वाटी सुटी राहिली होती, ती बारीक वाजत होती.

आमच्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. साखर नाही तर मीठ, नाही तर चार दाणे, काहीतरी घालूनच द्यायचं. सरांच्या काचेच्या बशा तिच्या दृष्टीनं शेजाऱ्याच्याच वाट्या होत्या. मी त्याच घरात वाढलेली, त्याच वाट्या पोचवत मोठी झालेली, आणि मला हे सुचलं नव्हतं.

"आणि इतके दिवस बोलला नाहीत?" सरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. चलथाणच्या रस्त्यावर ते गाडीवाल्याला विचारत तसंच विचारत होते.

"दिल्याचं सांगायचं असतं का, भाऊ?"

सर माझ्याकडे वळले. "बाई, हे लक्षात ठेवा." मग पुन्हा मायकडे. "काढलेल्या दाण्यांचं काय केलंत?"

माय उठली. मांडणीच्या कोपऱ्यातून तिनं झाकण घातलेली एक स्टीलची वाटी आणली. दर खेपेचे काढलेले मूग तिच्यात होते, वाळवून ठेवलेले. सरांनी आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती गडबडून अहिराणीतच बोलून गेली, "लोकेस्नं बी शे ते. कसं फेकानं?"

सरांनी एक दाणा दाताखाली धरला. फुटला नाही. दुसरा भिंगाखाली धरला. त्यानंतर आम्ही तिथं आहोत हे ते विसरले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मावशी, ही वाटी घेऊन जाऊ?"

"कुचर आहेत हो ते."

"म्हणूनच."

ते गेल्यावर वडील खाटेवरून म्हणाले, "यांचं नुकसान झालं ना?"

"झालं," मी म्हणाले. "शनिवारी सगळ्यांसमोर सांगावं लागेल."

वडील पुन्हा आडवे झाले. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आमच्या खात्यात धागा शेठच्या चुकीनं तुटला तरी पगार माझा कापतात. हा माणूस तुझ्या मायपुढं खाली बसून विचारत होता. याच्याकडं शिकतेस तर शीक. स्थळवाल्यांना मी बघतो."

शनिवारी मी मागच्या रांगेत बसले. सरांनी तो हिरवा तक्ता आणलाच होता. तो लावून ते म्हणाले, "हा तक्ता गेल्या सोमवारपर्यंत खरा होता." आणि सगळं सांगितलं. वाटीची रीतसुद्धा. आधी कुणाला कळेना, मग एक जण हसला, मग सगळे. पदार्थविज्ञानाचे एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "म्हणजे त्या बाईंनी उसळ पाठवली आणि तुम्ही शोधनिबंध लिहायला बसलात."

माझे कान तापले. सर मात्र सगळ्यांबरोबर हसले. हसू ओसरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "बरोबर बोललात. पण चूक त्या बाईंची नाही. मी त्यांच्या घरात बशी ठेवली आणि ती कशासाठी, हे त्यांना सांगितलं नाही. त्या घराचे नियम काय, हेही विचारलं नाही. मी घराची भिंत मोजली. घर मोजलं नाही."

अध्यक्षांनी विचारलं, "मग आता?"

"आता नीट करायचंय. योजना संपेपर्यंत जो वेळ आहे तो हवा. पुढची मागणी नाही."

योजना पुढं चालू राहिली नाही. उरलेले महिने मात्र मिळाले.

या नव्या खेपेला सरांनी सगळं मायला समजावून सांगितलं. शांत बशाही आमच्याच घरात ठेवायच्या असं ठरलं, म्हणजे हवा-पाणी एकच. पण हलत्या घरात न हलणारी जागा कुठून आणायची? मायनंच जाड गोधड्यांची चवड रचली. सरांनी त्यावर पाण्याचं ताट ठेवून आरशानं ऊन पाडलं. छतावरचा गोळा जवळजवळ स्थिर. "मावशी, हे आमच्या प्रयोगशाळेत नाही," सर म्हणाले. माय लाजली.

त्या बशांची राखण तिनं जिवापाड केली. सुमनकाकूंनी सहज झाकण उचललं तर तिनं असा आवाज दिला की काकूंनी पुढं कितीतरी दिवस तोंड दाखवलं नाही. तिला स्वतःलाही सोपं गेलं नाही. कुचर दाणे दिसायचे आणि ती तोंड फिरवून कामाला लागायची. बशा द्यायच्या दिवशी माझ्या हातात त्या ठेवताना म्हणाली, "अशा द्यायला कसंतरी वाटतं बघ." मग फडक्यात बांधलेला एक वेगळा डबा दिला, आत मुगाची उसळ. "हे प्रयोगाचं. हे माझं. एकत्र करू नका म्हणावं."

सरांनी तो निरोप ऐकला आणि डबा उघडायच्या आधी म्हणाले, "हे वाक्य मी वर्गात इतकी वर्षं शिकवलं, पण इतकं सोपं कधी सांगता आलं नाही."

निकाल लागला तो असा. हलत्या बशा आणि शांत बशा यांत काही फरक नव्हता. लूमला मुगाचं सोयरसुतक नव्हतं. मला रडू येत होतं. सर म्हणाले, "अहो, हे आपण पाहिलंय. रमणभाई, लोचो आणा."

माझं काम उन्हाळ्यात संपलं. त्याच सुमारास सरांनी स्वतः बरोबर येऊन एम.एस्सी.च्या प्रवेशाची चौकशी केली आणि माझा प्रवेश झाला. आज मी मुलांना शिकवते. पाणी उकळण्याचा पहिला तास अजूनही तसाच घेते, खोट्या थर्मामीटरसह.

पण सर म्हटलं की मला आठवते ती त्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ. गल्लीत लूना थांबली. सर आत आले, खाली बसले आणि मायपुढं स्टीलची वाटी ठेवली. आमचीच वाटी, वर कागद बांधलेला.

"मावशी, वाटी परत करायला उशीर झाला. तुमच्याकडची रीत आहे म्हणून रिकामी आणली नाही."

मायनं कागद सोडला. वाटीत मूग होते, लांब पांढरे मोड आलेले. टरफलं चकचकीत, केंद्रातल्या मुगांची. तिनं एक उचलून डोळ्यांजवळ नेला.

"हे कोणते?"

"तुमचेच. ते कुचर."

"ते तर मेलेले होते."

"मेले नव्हते. टरफल इतकं टणक होतं की पाणी आत जात नव्हतं. हादऱ्यांनी ते उघडत नाही, ते तुम्ही-आम्ही पाहिलं. मी एकेक दाणा काचपेपरवर थोडा घासला. एवढासाच, चरा पडेल इतका. मग भिजवले."

माय कितीतरी वेळ त्या वाटीकडं पाहत होती. सर चहा पिऊन गेले तरी तिनं ती खाली ठेवली नाही. दारात सुमनकाकू आल्या, रुसवा विसरून. माय त्यांना वाटी दाखवून म्हणाली, कुचर मुगाला मोड आले.

काकू हसल्या. "जाय माय. कुचर दाण्याले कधी मोड येतस का? कोनी सांगं तुले?"

मायनं वाटी त्यांच्या हातात दिली.

"आयकेल नही सांगस मी," ती म्हणाली. "देखेल सांगस."